पन्हाळ्यावरच्या गाद्या

आश्विनातले ऊन पन्हाळ्याला जरा उशिराच मिळते. खाली कोल्हापुरात गणपती बोळवले की पाऊस सरला असे लोक म्हणू लागतात. गडावर मात्र घट बसले तरी धुके तीन दरवाजाच्या कमानीत ठाण मांडून असते. म्हणून दसरा उलटला आणि आभाळ निवळले की गडावर घरोघरी एकच उद्योग सुरू होतो. पलंगावरच्या, माळ्यावरच्या, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या साऱ्या गाद्या अंगणात येतात. कोणी त्या गडग्यावर पसरतो, कोणी बाजेवर, कोणी सरळ कौलांवर. चार महिन्यांची ओल आणि कुबट वास काठीने झोडपून बाहेर काढायचा, दुपारी एकदा बाजू पालटायची आणि सूर्य मसाई पठाराकडे कलला की गाद्या उचलून आत आणायच्या. त्या रात्री गादीवर अंग टाकले म्हणजे कापसात दिवसभराचे ऊन अजून शिल्लक आहे असे वाटते. दिवाळी जवळ आली हे मला लहानपणी चकलीच्या वासाआधी या उबेवरून कळत असे.

अलीकडे मात्र आमच्या घरातल्या दोन गाद्या त्या दिवशी अंगणात येत नाहीत. एक आहे मेमरी फोमची आणि दुसरी लेटेक्सची. दोघींनाही ऊन सोसत नाही. उन्हात पडली तर लेटेक्सची गादी कालांतराने भुसभुशीत होऊन तिचे कण पडू लागतात आणि फोम पिवळा पडून आपली लवचीकता हरवतो. आईला हे काही केल्या पटत नाही. ज्या वस्तूला ऊन चालत नाही ती वस्तू माणसाच्या अंगाखाली घालायची कशी, असा तिचा रोकडा सवाल आहे. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणाचे काही उलगडेनासे झाले की मी त्याचे कूळ-मूळ शोधू लागतो. या दोन पाहुण्यांचेही तेच केले.

पन्हाळा आणि गादी हे शब्द एका दमात उच्चारले की इतिहासाच्या माणसाला अंथरूण आठवत नाही, राज्य आठवते. आपल्या भाषेने निजायच्या वस्तूला आणि राज्यपदाला एकच शब्द ठेवला आहे. शिवाजी महाराजांच्या स्नुषा ताराबाई यांनी १७१० साली आपल्या मुलाची स्वतंत्र गादी मांडली ती याच गडावर. पुढे १७१४ साली राजसबाईंच्या पक्षाने ती उलथवली, दुसऱ्या संभाजीराजांना गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचे चिरंजीव यांना इथेच कैदेत ठेवले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या. ज्या गडावर गादी मिळाली त्याच गडावर ती गेली, आणि गेल्यावर जमिनीवर कशावर निजावे लागले असेल, हा विचार वर्गात शिकवताना माझ्या मनात येऊन जाई. बखरींना त्याचे काही नसते. त्यांना तलवारीची लांबी ठाऊक असते, अंथरुणाची नव्हे.

एका गादीची आठवण मात्र गडाने जपली आहे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून भर पावसाळ्यापर्यंत हटला नाही. आषाढातल्या त्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले तेव्हा दोन पालख्या निघाल्या, एकीत महाराज आणि दुसरीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद, अशी परंपरा आहे. पालखीतल्या बैठकीलाही आपण गादीच म्हणतो. सकाळी आपले काय होणार हे पुरते ठाऊक असताना तो माणूस त्या गादीवर टेकून बसला. त्याची समाधी इथे आहे. जाणारे-येणारे हात जोडतात. मऊ गादीची गोष्ट लिहायला बसलो आणि पहिली गादी ही आठवली, त्याला माझा इलाज नाही.

पण राजे आणि सरदार सोडून आपण साध्या माणसांच्या अंथरुणाकडे येऊ.

गडाखालच्या वाड्यावस्त्यांवर अंथरूण म्हणजे घोंगडे. धनगरांनी मेंढरे कातरावीत, लोकर कातावी, मागावर पट्ट्या विणाव्यात आणि चिंचोक्याची खळ देऊन त्या कडक कराव्यात. नवे घोंगडे अंगाला टोचते. पण पावसाचे पाणी त्यावरून ओघळून जाते आणि ओले झाले तरी ते ऊब सोडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीसारख्या गावांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालवला. घोंगड्यावर वाकळ. जुनी लुगडी एकावर एक घालून आजीने दोरा घातलेली ती वाकळ. तिच्यात घरातल्या चार बायकांच्या पदरांचा इतिहास असे, आणि तो वाचायला मोडी यावी लागत नसे. उशीला सावरीचा कापूस. सावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटली की पोरे ती गोळा करीत, आणि बिया काढता काढता घरभर कापूस उडाल्याबद्दल मार खात.

कापसाची गादी ही जरा वरच्या दर्जाची वस्तू. ती गडावर कापूस पिकत नसताना आली, म्हणजे विकत आली, लग्नात आली, पाहुण्यासाठी आली. मुलीला सासरी पाठवताना गादी-उशी द्यायची रीत होती, आणि दोन-तीन वर्षांनी ती गादी दबून ढेकळे धरू लागली की पिंजाऱ्याला बोलावणे जाई. आमच्याकडे येणारे पिंजारी चाचा दिवाळीच्या आधी खांद्यावर ती मोठी कमान घेऊन गड चढत. कमानीची तात कापसाच्या ढिगाला लावायची आणि लाकडी मुठीने ठोका द्यायचा. ‘टंय्‌, टंय्‌’ असा तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. प्रत्येक ठोक्यासरशी घट्ट बसलेला कापूस सुटा होऊन उडे आणि तासाभरात कळकट ढेकळांचा ढगासारखा ढीग होई. चाचांच्या भुवयांवर, दाढीवर कापूस बसलेला असे. मग खोळीत कापूस भरायचा, काठीने सारखा करायचा आणि जाड सुईने टाके घालायचे. जुनी गादी संध्याकाळपर्यंत नवी होई. तिच्यातले काहीही फेकून द्यावे लागत नसे, ही गोष्ट तेव्हा कोणाला विशेष वाटली नाही.

कापसाचा मोठा दोष ओल. पन्हाळा समुद्रसपाटीपासून ३,१०० फुटांहून उंच आहे आणि कोकणातून चढून येणारा पाऊस त्याला आधी गाठतो. श्रावणात भिंतींना बुरशी येते, कपाटातली कातडी चप्पल हिरवी होते. अशा हवेत कापूस पाणी पितो, जड होतो, दबतो. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या ज्यांनी बांधल्या त्यांना या ओलीची पुरती ओळख असली पाहिजे. नाहीतर धान्यासाठी इतक्या जाड भिंती कोण उभारतो? आम्ही आपले शेगडीवर डालगे उपडे घालून त्यावर पोराबाळांची दुपटी वाळवत असू. गादी तेवढ्याने वाळत नाही. तिला कोजागिरीपर्यंत वाट पाहणे भाग असे.

असे सारे चालले होते. मग २०२२ च्या मार्च महिन्यात आई पायरीवरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. वय एकोणऐंशी. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे सहा आठवडे ती धाकट्या भावाच्या घरी बिछान्यावर होती. डॉक्टरांनी हाडापेक्षा पाठीची जास्त धास्ती घातली. म्हातारे माणूस एका कुशीवर फार वेळ राहिले की टाच, माकडहाड, खांद्याचे फरे या ठिकाणी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. ती जखम एकदा झाली की भरता भरत नाही. दर दोन तासांनी कूस पालटून द्या, आणि गादी चांगली पाहा, असे त्यांनी सांगितले. भावाने दोन दिवसांत मेमरी फोमची गादी आणली. ती गुंडाळीच्या रूपात खोक्यातून आली, प्लॅस्टिक कापल्यावर ‘हुस्स’ करून फुगली आणि दोन दिवस खोलीत रंगाच्या डब्यासारखा वास दरवळत राहिला.

‘अंतराळवीरांसाठी बनवलेली गादी’ असे दुकानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी तिचा संबंध खरा. पण १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने हा पदार्थ घडवला तो विमानातल्या आसनासाठी. विमान आदळले तर बसणाऱ्याला कमी धक्का बसावा आणि लांबच्या प्रवासात अंग अवघडू नये, हे त्याचे काम. त्याचे पहिले नावही साधे होते: हळू परतणारा फेस. निजण्याशी त्याचा संबंध लावला तो पुष्कळ उशिरा, १९९१ साली, एका स्वीडिश कंपनीने. मधल्या काळात तो रुग्णालयात पोचला होता.

मूळ द्रव्य पॉलियुरेथेन. ते १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधले; आपल्या साध्या स्पंजाच्या गाद्या, बसगाड्यांतली बाके त्याचीच. खनिज तेलापासून येणारी दोन रसायने एकमेकांत मिसळली की वायू सुटून मिश्रण फसफसते आणि फुगल्या स्थितीतच गोठते, इडलीचे पीठ फुगावे तसे. योस्ट यांच्या फेसात वेगळे काय? तर तो ऊब ओळखतो. थंड असताना ताठ राहतो, अंगाची ऊब लागली की त्या जागी नरम होऊन खाली बसतो. हाताचा पंजा दाबून उचलला की बोटांचा ठसा काही क्षण तसाच राहतो आणि मग सावकाश भरून येतो. या ठशामुळे त्याला स्मृतीचे नाव मिळाले. इतिहासाच्या मास्तराला या नावाची गंमत वाटते. हा पदार्थ तुम्हाला लक्षात ठेवीत नाही. तो स्वतःचा मूळ आकार लक्षात ठेवतो, आणि तुमचा ठसा मिनिटभरात विसरून मोकळा होतो.

आईला त्या सहा आठवड्यांत एकही जखम झाली नाही. याचे श्रेय दर दोन तासांनी उठणाऱ्या माझ्या भावजयीला आधी आणि गादीला नंतर; पण गादीलाही आहेच. टाच आणि माकडहाड फेसात रुतल्यामुळे अंगाचा भार साऱ्या पाठीवर वाटला गेला. एप्रिलच्या उकाड्यात आईची पाठ घामाने भिजत असे, कारण अंगाला चिकटून बसणारा पदार्थ वारा आत घेत नाही. पंखा लावून आम्ही तेवढे निभावले.

खरी गोष्ट पुढे आहे. जूनमध्ये आई काठी घेऊन चालू लागली आणि तिने गडावरच्या घराचा हट्ट धरला. गादीही तिच्याबरोबर वर आली. कोल्हापूर ते पन्हाळा अंतर थोड्याच कोसांचे. पण तेवढ्यात हवा बदलते आणि हवेबरोबर गादी बदलली. पावसाळी रात्री ती अंथरुणावर टेकली की पहिली दहा मिनिटे फळीवर निजल्यासारखे होई. मग अंगाखालचा भाग उबेने नरम पडून तिचा एक साचा तयार होई. तो साचा तिला धरून ठेवी. कूस पालटायची तर शेजारचा भाग अजून गारच, म्हणजे ताठच. खड्ड्यातून बांधावर चढावे तसे तिला चढावे लागे. निरोगी माणूस असे वळणे झोपेत न कळता करून टाकतो. खुब्यात पट्टी घातलेल्या बाईला त्यासाठी जागे व्हावे लागते. पौषात तर पहाटे गादी अशी आखडे की तिचा कोपरा दाबताना मला दोन्ही हात लावावे लागत.

एका रात्री दोन वाजता तिने मला हाक मारली. मी दिवा लावला.

“ही गादी मला सोडंना रं,” ती म्हणाली. “भाताच्या चिखलात पाय रुतावा तसं झालंय. वळायला जावं तर मागं ओढती.”

मी तिला हात देऊन वळवले. मग ती म्हणाली, “आजारपणात बरी व्हती. आता मी बरी झालीया, हे तिला कोण सांगणार?”

आईचे हे वाक्य मी अजून तपासतो आहे आणि त्यात मला चूक सापडलेली नाही. माणूस निपचित पडलेला असताना जो गुण असतो, तोच माणूस हलू लागला की अडचण होतो. धरून ठेवणे हा त्या फेसाचा स्वभाव. दोघे जण एका गादीवर निजत असतील आणि एकाच्या चुळबुळीने दुसऱ्याची झोप मोडत असेल तर हाच स्वभाव वरदान ठरतो. एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. पण म्हाताऱ्या माणसाला उठताना, वळताना अंथरुणाची उलट मदत लागते. खालून कोणीतरी ढकलावे लागते.

ढकलण्याच्या बाबतीत रबराचा हात धरणारा दुसरा पदार्थ नाही, असे ऐकून मी लेटेक्सच्या मागे लागलो. आणि हे लेटेक्स म्हणजे काय म्हणावे? तर चीक! लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता द्रव असा आहे. आपला शब्द अधिक नेमका आहे. रुईचा चीक, वडाचा चीक, फणसाचा चीक हात चिकट करून घेतलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. तसाच रबराच्या झाडाचा चीक.

तो पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गडहिंग्लज, चंदगड करीत तिलारीचा घाट उतरले की सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका लागतो. तिथे केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी डोंगर उतारांवर रबराच्या बागा लावल्या आहेत. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात नोकरीला आहे. त्याच्याबरोबर मी भल्या पहाटे एका बागेत गेलो. मजूर डोक्याला दिवा बांधून फिरत होते. झाडाच्या सालीवर वरून खाली तिरपी, बोटभरही खोल नसलेली चीर द्यायची. एवढीच की साल कापली जाईल पण आतले लाकूड दुखावणार नाही. चिरेतून पांढराशुभ्र चीक पाझरतो आणि खाली बांधलेल्या वाटीत थेंब थेंब जमतो. ऊन चढले की तो आटतो, म्हणून घाई. चिकात रबर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. मी बोटावर थोडा घेऊन चोळला. पाहता पाहता त्याची सुरळी झाली आणि ओढून सोडली तर ती परत आखडली. इतक्या लवकर परत येणारी वस्तू मी झाडातून निघताना प्रथमच पाहिली.

झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्याचे सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू बागेत पोचवले. उगवले त्यातले थोडे, पण त्या थोड्या रोपांचा वंश सिलोन आणि मलायात गेला, आणि १९०२ साली केरळात पेरियारच्या काठी तट्टेकाड येथे आपल्याकडची पहिली व्यापारी लागवड झाली. मात्र नुसता चीक टिकत नाही; उन्हाळ्यात पाघळतो, थंडीत तडकतो. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली त्यात गंधक घालून तापवण्याची युक्ती काढली आणि १८४४ साली त्यावर अमेरिकेत हक्क मिळवला. तेच १८४४ साल पन्हाळ्याच्या गडकऱ्यांच्या बंडाचे. १ डिसेंबरला इंग्रजी तोफांनी आमच्या तटाला खिंडार पाडले. एकाच वर्षात जगात कुठे काय चाललेले असते याचा मेळ घालू नये हे खरे. पण सनावळी पाठ असलेल्या माणसाला तो मोह आवरत नाही.

चिकाची गादी झाली ती १९२९ साली, बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यात. टायर करणाऱ्या त्या कंपनीत मर्फी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी चिकात साबण घालून तो घुसळला, घरातल्या स्वयंपाकाच्या रवीने घुसळला असे सांगतात, आणि झालेला फेस गोठवून वाफेवर शिजवला. कृती आजही जवळजवळ तीच आहे. फेस साच्यात ओतायचा, त्यात गोठवणारे द्रव्य आधी मिसळलेले असते, आणि वाफ द्यायची. जाड फेसाच्या पोटापर्यंत वाफेची उष्णता पोचावी म्हणून साच्यात धातूच्या खिळ्यांच्या रांगा असतात. गादी काढल्यावर त्या खिळ्यांच्या जागी भोके राहतात. लेटेक्सच्या गादीला चाळणीसारखी भोके दिसतात ती हवेसाठी मुद्दाम पाडली असे लोक समजतात. ती मुळात शिजवण्याची खूण आहे. हवा खेळते हा नंतरचा लाभ. दुसरी एक पद्धत तलाले यांच्या नावाची. तीत साच्यातली हवा ओढून फेस फुगवतात, तो कडक गारठवतात आणि मग शिजवतात. पहिल्या पद्धतीत जड कण थोडे खाली बसत असल्याने गादी खालून घट्ट होते. दुसरीत ती सर्वत्र सारखी आणि अधिक हलकी उतरते. आमच्या पिढीला यातले काही ठाऊक नव्हते. मऊ गादी म्हणजे ‘डनलॉपची गादी’, मग ती कोणीही, कशाचीही केलेली असो!

१९४२ साली जपानने मलाया घेतला आणि दोस्त राष्ट्रांचा चीक तुटला. त्या अडचणीतून तेलापासून केलेले कृत्रिम रबर झपाट्याने वाढले आणि पुढे गाद्यांतही शिरले. म्हणून आज दुकानात ‘लेटेक्स’ म्हटले की झाडाचाच चीक असे धरून चालू नये. नैसर्गिक, कृत्रिम आणि मिसळीचा अशा तिन्ही जाती असतात आणि नाव एकच असते. मेमरी फोमचेही तसेच. वर दोन-तीन बोटे मेमरी फोम आणि खाली सारा साधा स्पंज. वाचकांनी खोळीची चेन उघडून पाहावी, पाहू देत नसतील तर पैसे जपून ठेवावेत. दुकानात पाच मिनिटे आडवे होण्याची लाज धरू नये, आणि आडवे झाल्यावर दोन वेळा कूस पालटून बघावी. मी लाज धरली होती. पहिल्या दुकानातून मिसळीची गादी चढ्या भावाने घेऊन आलो आणि ती परत करताना जो वाद झाला तो सणाच्या अंकात सांगण्यासारखा नाही.

दुसऱ्या खेपेला मिळाली ती खरी. उचलायला दोन माणसे लागली, कारण लेटेक्स जड. मेमरी फोमपेक्षा महाग. पहिले काही दिवस तिलाही वास होता, पण रबराचा, नव्या चेंडूसारखा. काही माणसांच्या अंगाला चिकातली प्रथिने सोसत नाहीत, पुरळ येते, म्हणून आठवडाभर जाड खोळीवरून वापरली. थंडीत ती जशी तशीच उन्हाळ्यात. अंग टेकवले की दबते, उचलले की त्याच क्षणी परत. तिला ऊब लागत नाही, वेळ लागत नाही. आई पहिल्या रात्री तीनदा आपली आपण वळली, हे तिने सकाळी चहाच्या वेळी मोजून सांगितले. उठताना काठीच्या आधी गादीच तिला वर लोटते. आता कोणी शेजारी निजले तर त्याच्या हालचालीने तिला हिंदोळा बसतो, आणि नातवंडे त्यासाठीच दुपारी तिथे उड्या मारायला येतात.

तेव्हा दोहोंत चांगली कोणती, असे मला कोणी विचारले तर मी आधी विचारतो: निजणारा कोण, आणि निजायचे कुठे? निपचित आजाऱ्याला, उबदार खोलीत, मेमरी फोम. हलत्या-फिरत्या माणसाला, दमट आणि गार गावात, झाडाचे लेटेक्स. पन्हाळ्यापुरता माझा कौल लेटेक्सला आहे. मात्र तिलाही भिंतीलगत जमिनीवर टाकू नये; खाली फटी असलेल्या फळ्या हव्यात, नाहीतर पोटाशी ओल धरून बुरशी येते. ही अक्कल मला दुसऱ्या पावसाळ्यात आली.

एक हिशोब मात्र या दोघींनाही जमत नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्या बसतील, तेव्हा त्यांचे काय करायचे? पिंजून पुन्हा भरता येणारी ती वस्तू नव्हे. आमचे पिंजारी चाचा आता नाहीत. त्यांच्या मुलाने काही वर्षे मोटारीवर चालणारे पिंजणाचे यंत्र टेम्पोत घालून फिरवले. आता तो तयार गाद्यांच्या दुकानात माल पोचवण्याचे काम करतो. आमची लेटेक्सची गादी त्यानेच वर आणून दिली. जिना चढवून झाल्यावर त्याने तिचा कोपरा दोन बोटांत धरून दाबला, सोडला, पुन्हा दाबला. “माल चांगला आहे, सर,” तो म्हणाला. मग कोपऱ्यात गुंडाळलेल्या जुन्या कापसाच्या गादीकडे त्याची नजर गेली. “ही अब्बांच्या हातची. टाके बघा. टाकू नका.”

टाकली नाही. यंदाच्या जुलै महिन्यात पन्हाळा जगाच्या वारशात गेला त्याला वर्ष झाले. गडावर पाहुणे वाढले, घरगुती मुक्कामाच्या पाट्या वाढल्या आणि प्रत्येक पाटीवर आत कोणती गादी आहे हेही लिहिलेले असते. आमच्याकडे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा मी चाचांची गादी गडग्यावर टाकली, वाकळी टाकल्या, घोंगडे टाकले. आतल्या दोन्ही गाद्यांच्या नुसत्या खोळी काढून दोरीवर घातल्या आणि खिडक्या उघडून ठेवल्या. आई काठी टेकीत दारात आली. तिने अंगणभर एक नजर फिरवली.

“आतल्या दोघींस्नी यंदाबी ऊन न्हाईच म्हण की,” ती म्हणाली, आणि चाचांच्या गादीवर जाऊन, गडग्याला पाठ लावून, उन्हात बसली.